टेकाडावर उभे राहून वाचावयाचे निवेदन

जुनी वस्तू आपोआप टिकत नाही; ती टिकवावी लागते, आणि टिकवायची म्हणजे समिती लागते. हे सत्य इतके सर्वमान्य आहे की, सेंट व्हॅलेरी विद्यापीठाच्या आवारातली मातीची टेकाडे पाच हजार वर्षे समितीशिवाय कशी उभी राहिली, याचा खुलासा आजवर कोणालाही करता आलेला नाही. आमच्या मते हा निव्वळ योगायोग असावा. असे योगायोग वारंवार घडत नसतात हे लक्षात घेऊन विद्यापीठाने काही वर्षांपूर्वी टेकाड संवर्धन स्थायी समिती नेमली, आणि तेव्हापासून टेकाडे झपाट्याने खचू लागली. समितीची गरज किती तातडीची होती, ते यावरून सिद्ध होते.

मी या समितीचा सचिव. गावातलाच. नदीच्या या अंगाला जन्मलो, याच विद्यापीठात शिकलो आणि इथेच चिकटलो.

टेकाडे एकूण तीन. उत्तरेचे, दक्षिणेचे आणि वाहनतळाचे. वाहनतळाचे टेकाड वाहनतळाच्या खाली आहे. माझ्या वडिलांच्या तरुणपणी ते सपाट करून वर डांबर घालण्यात आले. तिघांत तेच सर्वांत सुरक्षित मानले जाते, कारण तेव्हापासून त्याच्यावर कोणी पाऊल ठेवलेले नाही (गाड्या ठेवतात). उरलेल्या दोन टेकाडांचे मात्र तसे नाही. लुईझियानाचा हा मुलूख तव्यासारखा सपाट. नदी, दलदल, ऊस आणि मगरी, यांतले काहीही चढण्यासारखे नसते. त्यामुळे दोन-तीन पुरुष उंचीचा उंचवटा दिसला की आमच्या माणसाला वर गेल्यावाचून राहवत नाही, आणि वर गेल्यावर खाली घसरण्यावाचून इलाज नसतो.

शनिवारी फुटबॉलचा सामना असला (आमचा फुटबॉल हाताने खेळतात) की सकाळपासून टेकाडांभोवती तंबू पडतात. गंबोच्या दाट रश्श्याची पातेली चढतात, मोठ्या पिंपांतून क्रॉफिश (गोड्या पाण्यातले झिंगे) उकळतात, बिअरची खोकी रिकामी होतात. रिकामे खोके उलगडून त्याचा सपाट पुठ्ठा करायचा, तो बुडाखाली घ्यायचा आणि टेकाडाच्या माथ्यावरून सुसाट खाली यायचे, हा आमच्या गावातला पहिला संस्कार. बाप्तिस्मा दुसरा. गावात एकही प्रतिष्ठित माणूस असा सापडणार नाही, ज्याच्या चड्डीला टेकाडाची माती लागलेली नाही. समितीने पाहणी केली तेव्हा त्र्याण्णव टक्के लोकांनी टेकाडांबद्दल अतीव प्रेम व्यक्त केले. पैकी एक्याण्णव टक्क्यांनी ते टेकाडावर बसून व्यक्त केले.

आमच्या संघाचे नाव बगळे. बगळ्यांना दाद देण्याची आमची पद्धतही इथे सांगून ठेवतो. आम्ही टाळ्या वाजवत नाही, कारण एका हातात बिअर असते आणि दुसऱ्यात बूदँ, म्हणजे भात भरलेले सॉसेज. म्हणून आम्ही उभे राहून दोन्ही पाय आपटतो. धप्प, धप्प. सगळे मिळून, एका तालात. परगावचा पाहुणा प्रथम घाबरतो, मग तोही आपटू लागतो.

समितीने पहिल्याच वर्षी खंबीर पावले उचलली. ‘टेकाडाचा आदर करा’ असा फलक तयार करून घेतला आणि तो सर्वांना दिसावा म्हणून टेकाडाच्या माथ्यावर लावला. अक्षरे बारीक आल्यामुळे तो वाचायला लोकांना वर चढावे लागते, ही त्रुटी नंतर लक्षात आली. पण वाचणाऱ्यांची संख्या समाधानकारक आहे. त्यानंतर कुंपणाचा विषय निघाला. कुंपणाचे खांब रोवायचे तर टेकाड खणावे लागेल, आणि खणणे तर संवर्धनाच्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा जिथे खणून काही बिघडणार नाही अशी जागा शोधण्यात आली. कुंपण वाहनतळाला घातले. तिथे आता पास असल्याशिवाय चिटपाखरू शिरत नाही.

परंतु समितीचे खरे कार्य म्हणजे भूमिकृतज्ञता निवेदन; ते प्रत्येक बैठकीच्या आरंभी वाचायचे असते.

हे निवेदन समितीचे अध्यक्ष डॉ. विंबर्ली यांनी लिहिले. डॉ. विंबर्ली पुरातत्त्वाचे प्राध्यापक. गोरे, गहिवरशील, भिजलेल्या डोळ्यांचे गृहस्थ. ही भूमी ज्यांची होती त्यांचे आम्ही ऋणी आहोत, अशा अर्थाच्या तीन ओळी त्यांनी लिहिल्या आणि वाचताना त्यांना स्वतःलाच हुंदका आला. त्या बैठकीला ज्यांच्या पूर्वजांनी टेकाडे रचली त्या लोकांच्या प्रतिनिधी प्रथमच हजर होत्या (त्या जमातीच्या नावाचा शुद्ध उच्चार ठरवणारी उपसमिती अजून बसलेली आहे, म्हणून ते नाव इथे देता येत नाही). त्यांचे नाव ओडाली बिलियो. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, खाडीकाठच्या गावात राहणाऱ्या. हयात शाळेत मुख्याध्यापिका म्हणून गेल्यामुळे समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत चष्म्यावरून बघत राहण्याची त्यांना सवय.

निवेदन संपल्यावर त्या म्हणाल्या, “छान लिहिलंय. आता लोकांना खाली उतरवा.”

“म्हणजे?” डॉ. विंबर्लींनी विचारले.

“म्हणजे खाली उतरवा. वर नाचू देऊ नका. उत्तरेच्या टेकाडाला भेग पडलीये, माझं बोट जातं आत. ते टेकाड म्हणजे डोंगर नाहीये, विंबर्लीसाहेब. आत आमची माणसं निजलीत.”

डॉ. विंबर्लींनी अत्यंत हळुवारपणे त्यांच्या निदर्शनास आणले की, आत माणसे आहेत हे अद्याप शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेले नाही, आणि सिद्ध करायचे तर खणावे लागेल.

“असं?” ओडालीबाई म्हणाल्या. “उद्या मी तुमच्या आजीच्या थडग्यावर पुठ्ठा टाकून घसरले तर चालेल का? की आधी खणून बघू या, आत आजीच आहे ना म्हणून?”

डॉ. विंबर्लींनी रुमाल काढला. आजवरच्या इतिहासात समितीत इतके प्रभावी वाक्य कोणी बोलले नव्हते. ते वाक्य वाया जाऊ नये म्हणून तिथल्या तिथे एकमताने ठराव करून ते निवेदनात घालण्यात आले.

इथून निवेदन वाढत गेले. पुढच्या बैठकीत ओडालीबाई म्हणाल्या, “वाक्य घातलंत, पण माणसं अजून वरच आहेत.” हे वाक्य पहिल्याहून सरस निघाले. तेही घातले. मग त्या म्हणाल्या, “अहो, मी तुमच्या निवेदनासाठी बोलत नाहीये, मी तुमच्याशी बोलतेय!” या वाक्यावर विद्यार्थी प्रतिनिधीने अंगावर काटा आल्याचे सांगितले. तेही घातले. एका बैठकीत ओडालीबाई काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा निवेदनात ‘येथे वाचकाने ओडालीबाईंप्रमाणे अर्धा मिनिट चष्म्यावरून बघावे’ अशी सूचना वाढवली (चष्मा नसलेल्यांसाठी कार्यालयात एक ठेवला आहे).

नियम करा, असा त्यांचा एकसारखा धोशा होता. “एक तरी नियम करा. लोकांना अडवता येत नसेल तर निदान टेकाडाची माती तरी कोणी उचलून नेऊ नये, एवढा तरी करा. आठवण म्हणून पिशव्या भरभरून नेतात हो!” समितीने हा नियम मोठ्या मनाने मंजूर केला: टेकाडाची माती उचलण्यास, हलवण्यास अथवा नेण्यास सक्त मनाई. समितीने केलेला हा एकमेव नियम होय. त्याचे श्रेय सर्वस्वी ओडालीबाईंचे आहे, आणि ते मी त्यांना नेहमी देत आलो आहे.

हळूहळू निवेदन इतके समृद्ध झाले की बैठकीचा सगळा वेळ त्यातच जाऊ लागला. शेवटच्या परिच्छेदात ‘आमच्या बांधवांचा आवाज आम्ही नेहमीच ऐकू’ असे आहे. ते वाचून होईपर्यंत सभागृह दुसऱ्या विभागाला द्यायची वेळ झालेली असते. ओडालीबाईंना बोलायला मिळत नाही ही खरी गोष्ट आहे, परंतु निवेदनात आता एक तृतीयांश मजकूर त्यांचाच आहे. विद्यापीठाच्या इतिहासात एवढे बोललेली दुसरी बाई नाही.

माझ्या मते सगळे सुरळीत चालले होते. तेवढ्यात होमकमिंग आले.

होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थ्यांचे माहेरपण. वर्षातून एका शनिवारी सगळे जुने बगळे सहकुटुंब येतात, खातात, पितात, घसरतात आणि सामना बघतात. यंदा विद्यापीठाचा मोठा वर्धापनदिन असल्यामुळे निवेदन जाहीररीत्या, स्वतः कुलगुरूंनी वाचावे असे ठरले. कुठून वाचावे यावर चर्चा झाली. मैदानातून वाचले तर तंबूतल्या लोकांना ऐकू जाणार नाही. शिवाय टेकाडाविषयीचे निवेदन टेकाडावरून न वाचणे हा टेकाडाचा अपमान झाला असता. तेव्हा कुलगुरू, समिती, देणगीदार, बँडपथकातले तुतारीवाले आणि सर्वांत मोठी पितळी वाद्ये वाजवणारे धट्टेकट्टे वादक, एवढ्यांनीच उत्तरेच्या टेकाडावर उभे राहावे असे सर्वानुमते ठरले. ओडालीबाईंचे मत नोंदवता आले नाही (निवेदन चालू होते).

त्या आठवड्यात आखातावरून वादळाचे शेपूट गेले आणि तीन दिवस पाऊस पडला. शुक्रवारी ओडालीबाई माझ्या खोलीत आल्या. छत्री मिटली नाही, तशीच दारात टेकवली.

“सचिवसाहेब, भेगेत आता माझी मूठ जाते.”

“गेल्या वेळी बोट जात होते ना?” मी म्हणालो. “म्हणजे निरीक्षणात सातत्य आहे. ही चांगली गोष्ट आहे.”

“माती भिजून लोणी झालीये. उद्या त्या भोंगेवाल्यांना घेऊन वर चढाल आणि ती बाजू खाली येईल.” त्या खुर्चीत बसल्या. “एकच शनिवार, हो. मी काही फार मागत नाही. एकच शनिवार लोकांना खाली ठेवा. पुढच्या आठवड्यात माझे भाचे येतील, ती बाजू दाबून, ताडपत्री घालून देतील.”

मी त्यांना कारभाराची वाटणी समजावून सांगितली. टेकाड समितीच्या अखत्यारीत येते, पण टेकाडावरची माणसे समारंभ विभागाच्या अखत्यारीत येतात. समितीने माणसांना हात लावायचा नाही आणि समारंभ विभागाने टेकाडाला.

“आणि टेकाड माणसांसकट खाली आलं तर?”

मी प्रामाणिकपणे सांगितले की ही शक्यता वाटणीत धरलेली नाही.

ओडालीबाई हळू आवाजात म्हणाल्या, “आमच्या गावाकडचं टेकाड रस्त्यासाठी उडवलं तेव्हा मी लहान होते. त्यातून निघालेली माणसं अजून संग्रहालयात आहेत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत. आईनं मरेपर्यंत पत्रं लिहिली, परत द्या म्हणून. उत्तर यायचं, तुमच्या भावनांचा आदर आहे. उद्या ही बाजू आली की तुमचे लोक खोकी घेऊन येतील, मला माहितेय. मला दुसरं काही नको. ती आहेत तिथे निजू देत. एवढंच.”

हे ऐकून मला फार वाईट वाटले. इतके वाईट वाटले की त्या गेल्यावर मी ताबडतोब हे सगळे लिहून काढले आणि डॉ. विंबर्लींना पाठवले. त्यांचा रात्रीच फोन आला. ते रडत होते. “खोक्यांचं घालू या,” ते म्हणाले, “शेवटी घालू या. कुलगुरूंना सांगतो, सावकाश वाचा.”

शनिवारी ऊन पडले. असे होमकमिंग मी पाहिले नव्हते. ओकाच्या झाडांखाली तंबूला तंबू लागलेला, हवेत क्रॉफिशच्या मसाल्याचा ठसका, आणि उत्तरेच्या टेकाडावर मुंगी शिरायला जागा नाही. ठरलेले लोक वर होतेच. निवेदन नीट ऐकू यावे म्हणून इतरही चढले. ओडालीबाई पायथ्याशी उभ्या होत्या. कुलगुरूंनी त्यांना वरून हाताने बोलावले. त्यांनी नुसती मान हलवली. हा त्यांचा विनय लोकांना फार आवडला.

कुलगुरूंनी निवेदन वाचले. आजीच्या थडग्याच्या वाक्याला लोक गंभीर झाले. ‘मी तुमच्याशी बोलतेय’वर बायकांनी डोळे पुसले. चष्मा आणलेला होता. कुलगुरूंनी त्यावरून अर्धा मिनिट पाहिले. खोक्यांचा मजकूर आला तेव्हा गंबो ढवळणारे हात थांबले. आणि मग अगदी शेवटी, समितीच्या विनंतीवरून, कुलगुरूंनी ओडालीबाईंचे मूळचे वाक्य घनगंभीर आवाजात उच्चारले: “आता लोकांना खाली उतरवा!”

असा प्रतिसाद बगळ्यांनी अंतिम सामना जिंकला तेव्हाही मिळाला नव्हता. टेकाडावरचा प्रत्येक माणूस उठून उभा राहिला. कोणाच्या हातात बिअर होती, कोणाच्या हातात बूदँ. सगळ्यांनी मिळून पाय आपटले. धप्प, धप्प.

तिसऱ्या धप्पला टेकाडाची उत्तर बाजू खाली आली, आणि लोकही खाली उतरले.

सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. कुलगुरू पुठ्ठ्याशिवाय घसरले, तरी वेग चांगला होता. एक मोठे पितळी वाद्य तेवढे चेमटले. लोकांना वाटले की हा कार्यक्रमाचाच भाग असावा, आणि खालून पुन्हा दाद मिळाली.

मातीचा जिथे लचका तुटला होता तिथे आत राखेचा एक काळा पट्टा दिसत होता, भाजून लाल झालेली जमीन दिसत होती, आणि तिच्याखाली आणखी काही दिसत होते. डॉ. विंबर्ली एकदम म्हणाले, “सिद्ध झाले!” त्यांच्या आवाजात आनंद नव्हता असे म्हणता येणार नाही. ओडालीबाईंनी अंगातला कोट काढून त्या जागेवर पसरला. मग कुणाच्या तरी तंबूतले क्रॉफिशचे रिकामे टोपले ओढले, गुडघ्यांवर बसल्या आणि सांडलेली माती दोन्ही हातांनी त्यात भरू लागल्या. एक टोपले भरायचे, तुटल्या जागी नेऊन लिंपायचे, पुन्हा यायचे. विद्यापीठाचा सुरक्षारक्षक एल्फेज हा त्यांच्याच शाळेत शिकलेला. तो धावत आला.

“बाई, माती ठेवा खाली.”

“खालीच आहे रे ती. वर असायला हवी होती.”

“तसं नाही बाई, नियम आहे. टेकाडाची माती हलवायची नाही. सक्त मनाई आहे.”

“एल्फेज, तू सातवीत दोनदा नापास झालास. मला नियम शिकवतोस? हा नियम कोणी मागितला, माहितेय का?”

“माहितेय बाई, खाली तुमचं नाव लिहिलंय,” एल्फेज रडवेला होऊन म्हणाला. “पण साहेब बघतायत ना. उठा ना, बाई. प्लीज.”

त्या उठल्या नाहीत. आणखी एक टोपले भरले. मग एल्फेजने आणि आणखी दोघांनी त्यांना उठवले. त्यांचे हात कोपरापर्यंत मातीने माखलेले होते. ती माती टेकाडाची असल्यामुळे नियमाप्रमाणे तिथेच झटकून घेण्यात आली.

समितीच्या वार्षिक अहवालात या प्रकरणाची सविस्तर नोंद आहे. टेकाडविषयक गुन्हे: एक. पकडलेले गुन्हेगार: एक. यशाचे प्रमाण शंभर टक्के. ओडालीबाईंना एक वर्ष टेकाडांच्या आसपास फिरकण्यास बंदी घालण्यात आली. त्यामुळे लोकांना टेकाडापासून दूर ठेवावे, ही त्यांची जुनी मागणी अंशतः मान्य झाली असून तूर्त तिचा लाभ एका व्यक्तीला मिळत आहे.

उघड्या पडलेल्या भागातून जे मिळाले ते अर्थातच काढून घ्यावे लागले. प्रयोगशाळेतली खोकी शनिवारी कुलूपबंद असतात, म्हणून मैदानावर पडलेली बिअरची खोकी घेण्यात आली. सध्या ती माझ्या खोलीत, कपाटाच्या वर आहेत. ओडालीबाईंची पत्रे येतात. परत द्या, म्हणतात. मी प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर देतो, आणि त्यांच्या भावनांचा आदर असल्याचे न चुकता कळवतो. पत्रांतली वाक्ये उत्तम असतात. निवेदनाची नवी आवृत्ती त्यांमुळे अप्रतिम होणार आहे.

या आवृत्तीच्या शेवटी आम्ही आभाराची एक ओळ वाढवत आहोत. ज्यांनी ही हकीकत शेवटपर्यंत वाचली, मधूनमधून जे हसले, आजीच्या थडग्याचे वाक्य ज्यांना मनापासून आवडले, जे ते आता घरी दुसऱ्या कोणाला तरी सांगणार आहेत, आणि टोपल्यापाशी ज्यांना चांगलेच भरून आले, त्या सर्वांचे. म्हणजे आपले. ते वाक्य आम्हालाही असेच आवडले होते.

यंदाचे वाचन दक्षिणेच्या टेकाडावरून आहे. आपल्यासाठी माथ्याजवळ जागा राखून ठेवली आहे. दाद कशी द्यायची, ते आपल्याला आता ठाऊक आहेच.